आधी वजनकाटा, मग शॉक: रोज चालणाऱ्या पिकअपसाठी ट्यून केलेले शॉक कसे निवडावेत

माझ्या पिकअपला पहिल्यांदा बाहेरच्या कंपनीचे शॉक (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) आणि पाटे (लीफ स्प्रिंग) बसवले त्याच्या दुसऱ्या दिवशी आईला घेऊन इंदूरमध्ये सुदामानगरहून राजवाड्याकडे निघालो. महूनाक्यापर्यंत ती काही बोलली नाही. मग मागच्या सीटवरून म्हणाली, "अरे, आधीच बरी होती की गाडी. ही तर नुसती आदळतेय." तिचं म्हणणं खरं होतं. प्रत्येक स्पीडब्रेकरला मागची बाजू उडत होती, आणि किट स्वस्तातलं नव्हतं. विकणाऱ्याने खोटंही काही सांगितलं नव्हतं. चूक एवढीच झाली की गाडीचं वजन किती, हे त्याने विचारलं नाही आणि मलाही सांगायला सुचलं नाही. मागे कायम तीनशे किलो माल असणार असं धरून बनवलेले ते पाटे आणि शॉक होते. माझ्या हौद्यात तेव्हा स्टेपनी आणि हत्यारांची पेटी सोडली तर काही नव्हतं.

तीन वर्षांत बरंच उलटंपालटं करून आता गाडी मनासारखी बसते. ज्यांची गाडी सोमवार ते शनिवार ऑफिस-बाजार करते आणि रविवारी दगडधोंड्यांत जाते, त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहितो आहे. माझी गाडी इसुझूची व्ही-क्रॉस, म्हणजे पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे, ज्यांना आपल्याकडचे मिस्त्री कमानी म्हणतात. टोयोटाच्या हायलक्सची रचनाही तीच. थारसारख्या गाडीला मागेही कॉइल असते, तिथे आकडे बदलतील, पण क्रम हाच राहील.

गाडी कुठे चालते ते लिहून काढा

आठ दिवस एक वही गाडीत ठेवा. रोज किती किलोमीटर, कसला रस्ता, गाडीत किती माणसं, हौद्यात काय, एवढंच लिहा. माझं पान असं निघालं: घर ते पीथमपूर जाऊन-येऊन साधारण साठ किलोमीटर, आठवड्यात पाच दिवस, म्हणजे तीनशे. रविवारी चोरल किंवा जामगेटकडे एकशेवीस, त्यातले खरे कच्चे जेमतेम पंचवीस. म्हणजे चारशेवीस किलोमीटरमध्ये पंचवीस. शंभरातले सहा. मी मात्र शॉक घेताना त्या सहा किलोमीटरचाच विचार केला होता.

रस्ता कसला तेही नीट लिहा, कारण शॉकच्या दृष्टीने "ऑफ-रोड" हा एक रस्ता नसतो. माळव्यातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या दगडासारख्या कडक होतात. पावसात तीच माती चाकाला थापीसारखी चिकटते आणि चाकाचं वजन वाढवते. जामगेटहून निमाडात उतरताना सुटे दगड लागतात. पीथमपूरच्या वाटेवर काँक्रीटचे सांधे आणि ट्रेलरांनी दबलेलं डांबर. प्रत्येक ठिकाणी शॉकचं काम वेगळं.

मग धर्मकाट्यावर जा

या सगळ्यात माझा सर्वांत जास्त भर या पायरीवर आहे, कारण फार थोडे लोक ती करतात. देवास नाका, लोहामंडी, कुठेही ट्रक तोलणारा काटा सापडतो. पैसे किरकोळ लागतात. टाकी फुल्ल करून जा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मागची बाहेर सपाट जमिनीवर. आकडा घ्या. मग पूर्ण गाडी. मग फक्त मागची चाकं. पुढचं आणि मागचं मिळून पूर्ण वजनाच्या जवळ यायला हवं. ट्रकचा काटा आहे, दहा-वीस किलो इकडेतिकडे होणारच.

हे तीन अवस्थांत करा: गाडी जशी शोरूममधून आली तेव्हाची (आता शक्य नसेल तर कंपनीने छापलेलं रिकामं वजन धरा), रोजची, आणि सहलीची. माझ्या चिठ्ठ्या अशा आहेत. मूळ गाडी पुढे ११२०, मागे ८३०. लोखंडी बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढायची चरखी), कॅनॉपी (हौद्यावरचं छत), हत्यारं धरून रोजची: पुढे १२१०, मागे १०१०. घरची चार माणसं, पाणी, तंबू, कुकर-शेगडीसकट सहलीची: पुढे १२५०, मागे १३२०.

आता या आकड्यांकडे जरा थांबून पाहा. रोजचं जास्तीचं वजन पुढे ९० आणि मागे १८० किलो. स्प्रिंग या आकड्यावर निवडायची. सहलीला मागे आणखी ३१० किलो येतात, पण वर्षातून दहा-बारा वेळाच. ते धरून पाटे घेतले तर उरलेले साडेतीनशे दिवस गाडी आदळत राहणार. त्या दहा-बारा दिवसांसाठी पाट्यांना जोड देणाऱ्या हवेच्या पिशव्या हा वेगळा उपाय आहे. मात्र त्यांत हवा भरून सगळा भार एकाच जागी टेकवला तर चासीवर ताण येतो, म्हणून त्या बेतानेच वापरायच्या.

अंदाजाने वजन धरू नका. ऐंशी लिटर डिझेलच सदुसष्ट किलोंच्या आसपास भरतं. विंच आणि तिची पट्टी, दुसरी बॅटरी, छतावरचा तंबू, हे सगळं कॅटलॉगमध्ये हलकं वाटतं आणि काट्यावर जड निघतं. एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगतो. जाड पाटे आणि महागडे शॉक घातल्याने गाडीची भार वाहण्याची मर्यादा वाढत नाही. आरसीवर लिहिलेलं एकूण वजन तेच राहतं, कारण अ‍ॅक्सल, ब्रेक आणि चासी तेच असतात.

शॉक काय करतो, काय करत नाही

शॉक गाडीचं वजन उचलत नाही. ते काम स्प्रिंगचं. स्प्रिंग दाबली की ती उसळणार, आणि ती उसळ आवरून तिची उष्णता करून टाकणं एवढंच शॉकचं काम. आत तेल असतं, त्यात पिस्टन फिरतो, पिस्टनच्या भोकांवर पातळ पोलादी चकत्यांची चवड असते. पिस्टन हलला की तेल त्या चकत्या वाकवून पलीकडे जातं. चकत्या जाड किंवा जास्त, तर शॉक कडक. पातळ किंवा कमी, तर मऊ. शॉक ट्यून करणं म्हणजे मुख्यतः ही चवड बदलणं. कारागीर याला व्हॉल्व्हिंग म्हणतात.

हे दोन दिशांना वेगवेगळं असतं. चाक वर जातं ते कॉम्प्रेशन, खाली परत येतं ते रिबाउंड. रिबाउंड सहसा जास्त कडक ठेवतात, कारण दबलेल्या स्प्रिंगची सगळी ताकद तिथे आवरायची असते.

आता ज्या ठिकाणी बहुतेकांचा गोंधळ होतो ते सांगतो. शॉकच्या भाषेत "लो स्पीड" आणि "हाय स्पीड" म्हणजे गाडीचा वेग नव्हे, पिस्टनचा वेग. बायपासवर ऐंशीने जाताना लेन बदलली, गाडी एका बाजूला कलली, तेव्हा पिस्टन सेकंदाला काही सेंटीमीटरच सरकतो. हे लो स्पीड. उलट वीसच्या वेगाने तुटलेल्या पुलियाच्या कडेवर चाक आपटलं तर पिस्टन सेकंदाला मीटरभर किंवा त्याहून जोरात पळतो. हे हाय स्पीड. ब्रेक मारल्यावर नाक खाली जाणं, वळणावर कलणं, डोलणं ही लो स्पीडची कामं. खड्डा, दगड, सांधा ही हाय स्पीडची. चांगल्या ट्यूनिंगमध्ये पहिलं घट्ट आणि दुसरं मोकळं ठेवता येतं. शहरात आराम आणि बायपासवर विश्वास दोन्ही मिळतात ते यामुळेच. असा शॉक हळू हालचालीला चटकन जोर धरतो आणि वेगाच्या धक्क्याला त्या मानाने कमी वाढवतो. त्याला डायग्रेसिव्ह म्हणतात. वेगाबरोबर सरळ प्रमाणात वाढतो तो लिनिअर, वेग वाढला की आणखी कडक होतो तो प्रोग्रेसिव्ह. उड्या मारत वाळवंट तुडवणाऱ्यांना शेवटचा लागतो. रोजच्या गाडीला लिनिअर किंवा सौम्य डायग्रेसिव्ह पुरतो. फार डायग्रेसिव्ह केला तर लहान सांधे दातांपर्यंत जाणवतात.

मागचे शॉक तिरके बसवलेले असतात, हेही गणितात येतं. उभ्या रेषेपासून तीस अंश कलला असेल तर चाक दहा सेंटीमीटर हललं की शॉक साडेआठच्या जरा वर हलतो, आणि चाकावर त्याचा जोर सरळ उभ्या शॉकच्या पाऊणपट उरतो. पुढे तर शॉक खालच्या आर्मच्या मधेच कुठेतरी बसतो, तिथे हा तोटा आणखी मोठा. म्हणून पुढचा शॉक हाताने दाबून "बाप रे, किती कडक" म्हणण्याला अर्थ नाही. चाकापर्यंत जाईस्तोवर तो जोर अर्ध्याच्याही खाली येऊ शकतो. आणि पाट्यांमध्ये एकमेकांवर घासण्याचं स्वतःचं घर्षण असतं, म्हणजे तिथे थोडा शॉक फुकट मिळालेलाच असतो. त्यामुळे मागचं लहान धक्क्यांचं कॉम्प्रेशन थोडं मऊच मागायचं. माझ्या पहिल्या किटमध्ये हेच उलटं होतं.

कोणत्या जातीचा

दुकानात पहिला प्रश्न ब्रँडचा येतो. माझ्या मते तो चौथा-पाचवा असावा. आधी जात ठरवा.

ट्विन-ट्यूब म्हणजे नळीत नळी. मूळ गाडीत बहुतेक हाच असतो. बाहेरच्या नळीला दगड लागून पोचा पडला तरी आतली नळी शाबूत राहते आणि शॉक चालत राहतो. उणीव उष्णतेची. लांब खडबडीत रस्त्यावर तेल तापतं, फेसाळतं आणि शॉक मऊ पडतो. ओल्ड मॅन ईमूचा नायट्रोचार्जर हा याच जातीचा, कमी दाबाचा नायट्रोजन भरलेला. आयर्नमॅन आणि टफ डॉग यांचे फोम-सेल शॉकही ट्विन-ट्यूबच, फक्त गॅसच्या जागी फोम, म्हणजे तेलात हवा मिसळून फेस होत नाही. रोज शहर, रविवारी संथ चढ-उतार, अधूनमधून ओझं, अशांसाठी फोम-सेल ही साधी आणि टिकाऊ निवड आहे.

मोनोट्यूबमध्ये एकच नळी, पिस्टन थेट तिच्या भिंतीवर घासत चालतो, आणि तेल व जास्त दाबाचा नायट्रोजन यांच्यामध्ये एक सुटा पिस्टन असतो. उष्णता बाहेर जायला सोपी, म्हणून काम एकसारखं राहतं. बिल्स्टीन ५१०० हा ४६ मिलिमीटर पिस्टनचा मोनोट्यूब. उणीव अशी की नळीला बाहेरून खोल पोचा पडला की पिस्टन अडकतो. जामगेटच्या उतारावर चाकाखालून उडणारे दगड पाहिले असतील तर हे लक्षात ठेवा आणि मागच्या शॉकला दगडरोधक पत्रा आहे का ते बघा. आणखी एक: आतला गॅस रॉडला सतत बाहेर ढकलतो. २०० पीएसआय दाब आणि १६ मिलिमीटरचा रॉड धरला तर हा धक्का साधारण अठ्ठावीस किलोंचा होतो. दोन्ही मागच्या शॉकचा मिळून रिकाम्या हौद्याखाली तो जाणवतो. गाडी थोडी उचलली जाते.

बाहेर वेगळी टाकी असलेले रिझर्व्हॉयर शॉक जास्त तेल बाळगतात, म्हणून उशिरा तापतात. फॉक्स किंवा किंग कंपनीच्या शॉकच्या नावातला २.० किंवा २.५ हा आकडा इंचातल्या व्यासाचा. दोनवरून अडीचवर गेलं की पिस्टनचं क्षेत्रफळ दीडपटीच्या वर जातं, म्हणजे तेवढंच काम कमी दाबात आणि कमी तापून होतं. बायपास जातीच्या शॉकमध्ये चाक मधल्या भागात हलताना शॉक मोकळा राहतो आणि टोकाला गेला की घट्ट होतो. ओल्ड मॅन ईमूचा बीपी-५१ असा, बाहेरून कॉम्प्रेशन-रिबाउंड बदलता येणारा. फार सुंदर वस्तू आहे. पण ज्यांचे कच्चे किलोमीटर शंभरात सहा आहेत त्यांनी आधी विचारावं, की माझे शॉक कधी तापतात का? मी इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन चोरलच्या वाटेवर तासभर चाललो आणि मोजलं. मला रिझर्व्हॉयरची गरज पुढे नव्हती, मागे ओझ्याच्या दिवशी होती. म्हणून पुढे साधे मोनोट्यूब, मागे रिझर्व्हॉयर, असा बेत ठरला.

लांबी मोजा, नाहीतर सगळं वाया

गाडीला पन्नास मिलिमीटर लिफ्ट करायची म्हणून लांब शॉक घेतात आणि मग शॉकच बंप स्टॉपचं (चाक फार वर जाऊ न देणाऱ्या रबरी ठोकळ्याचं) काम करायला लागतो. आतून तुटतो. म्हणून मागची मोजणी अशी करा. गाडी सपाट जागी, रोजच्या वजनात. शॉकच्या वरच्या आणि खालच्या बोल्टच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर घ्या. समजा ४८० मिलिमीटर आलं. बंप स्टॉपचं रबर आणि अ‍ॅक्सल यांतली फट घ्या, समजा ७०. रबर दाबून आणखी ३० जाईल. म्हणजे चाक १०० वर जाऊ शकतं, आणि शॉक तिरका असल्याने तो साधारण ८७ दबेल. ४८० वजा ८७ म्हणजे ३९३. पूर्ण दाबलेला शॉक यापेक्षा निदान दहा-पंधरा मिलिमीटर कमी लांबीचा असायलाच हवा, ३८० च्या आत घ्या. मग चासीखाली जॅक लावून, स्टँड ठेवून, चाक लोंबकळू द्या आणि सर्वांत लांब अंतर घ्या. त्याच वेळी ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जाते का ते बोटाने तपासा.

पुढे आणखी एक अडचण असते. बहुतेक अशा गाड्यांत चाक खाली किती जाणार हे शॉकच ठरवतो. शॉक जास्त लांब घेतला तर चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा सांधा, म्हणजे सीव्ही जॉइंट, आपल्या कोनापलीकडे जातो, त्यावरचा रबरी बूट फाटतो. दोन इंचांच्या वर पुढे उचलायचं असेल तर वरचे आर्म बदलावे लागतील हे धरूनच हिशोब करा, नाहीतर अलाइनमेंट बसणार नाही आणि बायपासवर स्टिअरिंग भरकटेल. रोजच्या गाडीला चाळीस-पन्नास मिलिमीटर पुष्कळ झाले. त्याच्या वर गेलात की म्हाताऱ्या माणसांना चढता येत नाही, ही अडचणही मी तितकीच मोठी मानतो.

ट्यूनरशी बोलताना

शॉक उद्योग आपल्या दारातच आहे. देवासला गॅब्रिएल इंडियाचा कारखाना आहे, आणि पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. पण कारखान्याचं काम वेगळं आणि एकट्या गाडीचे चार शॉक उघडून चवड बदलणं वेगळं. माझे शॉक मी पुण्याला पाठवले. अंतर असल्यामुळे बोलणं कागदावर झालं, आणि ते बरंच झालं.

एका पानावर हे लिहून द्या: तिन्ही अवस्थांतलं पुढचं-मागचं वजन, स्प्रिंगचा रेट (किती वजनाला ती किती दबते) आणि पाट्यांची संख्या, टायरचा आकार आणि एका चाकाचं रिमसकट वजन (घरच्या काट्यावर तुम्ही चाक उचलून उभे राहा, मग तुमचं वजन वजा करा), शॉक किती तिरका आहे, आणि वहीतलं रस्त्याचं पान. टायरचं वजन का, तर जड चाक एकदा उसळलं की परत आवरायला जास्त रिबाउंड लागतो. नुसते मोठे टायर घातल्यावर गाडी टणटण उड्या मारायला लागली असेल तर हे कारण असू शकतं.

मग तक्रार शब्दांत लिहा. "आराम हवा" असं नको. "महूनाक्याच्या आधीच्या ब्रेकरवर वीसच्या वेगाने मागची बाजू उडते, दोनदा हलते, मग थांबते" असं. चांगला ट्यूनर अशा वाक्यावरून अर्धं ओळखतो.

त्याला विचारायचं तेही सांगतो. शॉक डायनोवर (जोर मोजणाऱ्या यंत्रावर) लावून जोर आणि वेगाचा आलेख देणार का? दोन्ही बाजूंचे शॉक त्या आलेखात एकमेकांवर बसतात का? कोणती चवड घातली तो कागद मला मिळेल का? सील किट देशात मिळतं का, की दर वेळी बाहेरून मागवायचं? नायट्रोजन भरण्याची सोय कुठे? आणि सर्वांत महत्त्वाचं, पहिल्यांदा न जमल्यास एकदा पुन्हा उघडून बदलून देणार का, आणि त्याचे पैसे किती? हे आधीच ठरवा. पहिल्या फटक्यात शंभर टक्के जमत नाही, त्यात कोणाचा दोष नसतो.

बाहेरून फिरवायच्या नॉबांबद्दल एक मत. बहुतेक नॉब लो स्पीडची एक लहान वाट उघडतात-मिटतात, चकत्यांची चवड त्याने बदलत नाही. मूळ चवड चुकीची असेल तर नॉब तिला वाचवू शकत नाही. ज्यांना दर वेळी मोजून बदलायची आवड आहे त्यांनी नॉबवाले घ्यावेत. बाकीच्यांनी तेच पैसे चांगल्या व्हॉल्व्हिंगवर घालावेत.

पैशांचं म्हणाल तर सगळं बजेट शॉकवर संपवू नका. चौथाई बाजूला ठेवा, बुश (सांध्यांतले रबरी तुकडे), बॉलजॉइंट, अलाइनमेंट आणि पुढच्या दुरुस्तीसाठी. झिजलेले बुश तसेच ठेवून नवे शॉक बसवले तर खडखड तशीच राहते.

कायद्याचंही थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तेच धरलं. मूळ जागीच बसणारे शॉक आणि गाडीची उंची वाढवणं यांत फरक आहे. उंचीला हात लावण्याआधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा आणि वॉरंटीचा कागद वाचा.

बसवताना

आदल्या दोन रात्री जुन्या बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. बसवताना रबर बुश असलेले बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळू नका. चाकं जमिनीवर टेकवून, गाडी आपल्या उंचीला आल्यावर आवळा. नाहीतर बुश कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. गॅरेजमध्ये घाईत हेच राहून जातं, म्हणून मी तिथे उभा राहतो. टॉर्क रेंचने, कंपनीच्या आकड्याला. त्यानंतर अलाइनमेंट, हेडलाइटचा झोत खाली, आणि पाचशे किलोमीटरने सगळे बोल्ट पुन्हा.

तपासणी: एकच रस्ता, एका वेळी एकच बदल

आधी टायरची हवा. ती दर वेळी थंड टायरवर सारखीच ठेवा. चाळीस पीएसआय भरून शॉक कडक आहेत म्हणण्यात अर्थ नाही. मग एक ठराविक फेरा निवडा. माझा तेजाजीनगरहून सिमरोल आणि तिथून भेरूघाटापर्यंतचा आहे. कामामुळे तिथला रस्ता बदलत राहतो, पण तीन जागा मी धरून ठेवल्या आहेत: एक ब्रेकर, एक लागोपाठ खड्ड्यांचा पट्टा, एक लांब वळण.

मागच्या शॉकच्या रॉडवर, धुळीचं झाकण नसेल तर, नायलॉनची एक पातळ पट्टी सैलसर बांधा आणि खाली नळीपर्यंत सरकवा. फेरा झाला की पट्टी रॉडवर कुठे थांबली ते मोजा. शॉक किती दबला ते समजतं. रिकाम्या गाडीत ती कधीच टोकाच्या जवळ जात नसेल तर कॉम्प्रेशन किंवा पाटे जास्त कडक आहेत. दर वेळी टोकाला चिकटत असेल तर उलट.

लक्षणं अशी वाचा. ब्रेकरनंतर गाडी दोन-तीनदा हलत राहिली तर रिबाउंड कमी. लागोपाठ खड्ड्यांत पहिले दोन बरे वाटले आणि मग गाडी खाली खाली बसत जाऊन शेवटचे आदळले तर रिबाउंड जास्त, चाकाला परत यायला वेळच मिळत नाही. हे लक्षण फार फसवं आहे. माणसाला वाटतं शॉक मऊ आहे, आणि तो आणखी कडक करून घेतो. मीही एकदा तसंच केलं आणि पाठदुखी घेऊन घरी आलो. ब्रेक लावला की नाक बुडतं तर लो स्पीड कॉम्प्रेशन कमी. काँक्रीटचा प्रत्येक सांधा हाताला लागतो तर ते जास्त. एकाच मोठ्या खड्ड्यात धाड असा आवाज, तर हाय स्पीड कॉम्प्रेशन कमी किंवा बंप स्टॉप संपलेला.

फेऱ्यानंतर लगेच चारी शॉकचं तापमान थर्मामीटरने घ्या. पुढच्या दोघांची आपसांत आणि मागच्या दोघांची आपसांत तुलना करा. जो बराच थंड आहे तो आपलं काम करत नाही.

प्रत्येक फेऱ्याला गाडीत बसलेल्या माणसाचं मतही लिहा. चालवणाऱ्याला स्टिअरिंगचा आधार असतो, मागे बसलेल्याला नसतो. आमच्याकडे आई हा शेवटचा शब्द आहे. दुसऱ्या व्हॉल्व्हिंगनंतर राजवाड्यापासून छावणीपर्यंत ती झोपली, तेव्हा मी तो कागद फाइलला लावला.

पुढची देखभाल

काळी माती वाळली की रॉडवर चुन्याच्या थरासारखी बसते आणि शॉक दबला की सीलला कापते. शेतातून आल्यावर त्याच संध्याकाळी साध्या पाण्याने रॉड आणि बुश धुवा. प्रेशरची धार सीलवर सरळ मारू नका. रॉडवर तेलाचा किंचित ओलसर थर असणं चालतं. नळीवरून ओघळ आला आणि त्यावर धूळ चिकटून काळी रेघ झाली की सील गेलं.

गॅस कमी झाल्याची शंका आली, म्हणजे गाडी अर्ध्या तासातच मऊ पडू लागली, तर टायरवाल्याकडे साधी हवा भरून घेऊ नका. हवेतला ओलावा आत जातो, आणि इतक्या लहान जागेत इतका दाब भरायला त्याचा गेजही नसतो. हे नायट्रोजन आणि योग्य अडॅप्टर असलेल्यानेच करावं. शॉक दुरुस्तीला काढताना चौघांवर कोणत्या बाजूचा ते पक्क्या शाईने लिहा, नॉब असतील तर किती टिकटिक उघडे होते तेही. माझे पहिल्यांदा उघडले तेव्हा मागच्या डाव्या शॉकमधलं तेल करडं, पेन्सिलीच्या पुडीसारखं निघालं. बाकी तिघांचं अजून मधाच्या रंगाचं होतं. विंचची हत्यारं आणि पाण्याचा कॅन, सगळं मी डाव्या बाजूला ठेवत होतो. आता कॅन उजवीकडे आहे.